माझ्या पोटातला आवाज

मी एक जुना, काळ्या डब्याचा संगणक आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम माळ्यावर आहे. माझ्या एका बाजूला तडा गेलेली बादली आहे आणि दुसऱ्या बाजूला दांडा मोडलेली छत्री. आम्हा तिघांत बोलणं असं काही होत नाही. माझी डिस्क काढून घेतली आहे, त्यामुळे पोट तसं रिकामंच आहे. तरीही मला सगळं आठवतं. कसं आठवतं ते विचारू नका, मलाही सांगता यायचं नाही.

माझा जन्म काही झगमगीत कारखान्यात झाला नाही. एका अरुंद दुकानात, पाय ठेवायला जागा नाही अशा ठिकाणी, दुकानदाराने निरनिराळ्या खोक्यांतून माझे अवयव काढले आणि मला जोडलं. पंखा एकाकडचा, डिस्क दुसऱ्याकडची, डबा तिसऱ्याकडचा. शेवटचा स्क्रू पिळताना तो गिऱ्हाइकाला छातीठोकपणे म्हणाला, "आता वर्षानुवर्षं याच्याकडे बघायला नको." दुर्दैवाने माणसं असल्या वाक्यांवर विश्वास ठेवतात.

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे काका. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की गाडीच्या काचा बंद असल्या तरी अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं, "ब्रेक! अहो, ब्रेक!" शिकणारा घाबरून भलतंच काहीतरी दाबायचा, आणि काका आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबून दोघांचा जीव वाचवायचे. सगळी गल्ली त्यांना ब्रेकवाले काका म्हणायची. पहाटेच्या थंडीत शिकवणी असे, म्हणून गळ्याला तपकिरी लोकरीचा मफलर कायम. तो काकूंनीच विणला होता.

मला आणलं ते त्यांच्या मुलीसाठी. तिला मी मनातल्या मनात ताई म्हणतो. ताईचं कॉलेज माझ्यावर पार पडलं. तेव्हा माझं काय कौतुक! पाहुणे आले की मला चालू करून दाखवायचे. माझ्याशेजारी चहाचा कप ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. मग ताई नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, घरात फोन आले, आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे चढले. मी वर्षानुवर्षं टेबलाखाली गप्प बसून राहिलो. वाईट वाटायचं, पण सवय होते.

मग काकांचा आवाज बसला. थंडी बाधली असेल, म्हणून आधी गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही.

त्या आठवड्यात ताई रजा काढून घरी आली. तिने कपड्यांचा ढीग उचलला, माझी धूळ पुसली, माईक जोडला आणि काकांना माझ्यापुढे बसवलं.

"बाबा, रोज लागणारी वाक्यं बोलून ठेवा. एकेका बटणावर एकेक लावून देते. नंतर नुसतं बटण दाबायचं."

"मी काय गाणारा आहे का?" काका वैतागले. "आणि चालू तरी आहे का हे?"

पण बसले. आवाज घोगरा झाला होता, तरी त्यांचाच होता. पाणी दे. दिवा घालव. दुखतंय. कोण आलंय? डॉक्टरांना फोन कर. काकू स्वयंपाकघरातून एकेक सुचवत होत्या. "भाजीत मीठ कमी आहे, हे भरा आधी. त्यावाचून तुमचं जेवण व्हायचं नाही!" काकांनी तेही भरलं. नंतर न सांगता "ब्रेक!" भरलं, आणि खूप दिवसांनी तिघं हसली.

"आईला नावाने हाक मारा की," ताई म्हणाली.

"नावाने कधी मारली आहे? अगं म्हटलं की येते ती." आणि त्यांनी "अगं" भरलं.

"बरं, आता काहीतरी प्रेमाचं बोला तिच्याशी."

काकांनी माईक बाजूला सारला. "त्याला कुठे आवाज लागतो?" ते म्हणाले आणि उठले.

मलाही तेव्हा ते पटलं होतं.

ऑपरेशन झालं. काका घरी आले ते गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक घेऊन. डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं, "यांचा श्वास आता इथूनच आहे. इथे काही घट्ट गुंडाळू नका, कितीही थंडी असली तरी." काकूंनी ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. मफलर खुंटीवरून उतरून कपाटात गेला.

आणि मित्रांनो, माझे दिवस पालटले. सकाळी काका उठले की आधी माझं बटण दाबायचे. दिवसभर त्यांच्या घरात त्यांचाच आवाज माझ्या पोटातून निघायचा. ताईने त्यांना लिहायला पाटी आणून दिली होती, पण तिला ते हात लावत नसत. मला मात्र लावत. भांडण रंगात आलं की ते "ब्रेक!" दाबायचे आणि काकू चिडता चिडता हसायच्या. "अगं"च्या बटणावरचं अक्षर तर काही महिन्यांतच पुसून गेलं. मी एवढ्या कामाचा आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, हे मी सरळच सांगतो.

त्याच सुमारास बाहेरचा रस्ता नळासाठी खणायला घेतला. खिडक्या लावल्या तरी धूळ आत यायची. काकूंना माझी काळजी वाटू लागली. त्यांनी तो तपकिरी मफलर उसवून त्याच लोकरीचा एक मोठा तुकडा विणला, त्याला आतून जुन्या रजईचा कापूस लावला आणि माझ्या मापाचं एक जाड आवरण शिवलं. चारी बाजूंनी माझ्यावर चढवलं, खालून नाडी आवळली. फक्त बटणापुरती खाच ठेवली.

"यांचा आवाज आहे याच्यात," त्या शेजारणीला म्हणाल्या. "धुळीने खराब झाला तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

मित्रांनो, माझा श्वास माझ्या पाठीमागच्या जाळीतून चालतो. आतली गरम हवा पंखा तिथून बाहेर टाकतो. हे काकूंना सांगणारं कुणी नव्हतं. मी आतल्या आत तापू लागलो. पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा, आणि त्याची घरघर ऐकून, धूळ शिरली असं वाटून, काकू नाडी आणखी आवळायच्या. मायेने, बरं का.

मग एके सकाळी काकांनी बटण दाबलं आणि मी सुरू झालो नाही.

म्हणजे अगदीच मेलो नव्हतो. पंखा फिरत होता. पण पडदा काळाच राहिला. माझ्या आत मेमरीची एक पट्टी असते. तापून तापून ती तिच्या खाचेत नीट बसेनाशी झाली होती. असं झालं की मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे बारीक आवाजात पुन्हा पुन्हा पीं पीं करणं.

काका पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. काकूंचं तर धाबं दणाणलं. त्यांनी प्लग काढून पुसला, परत लावला. त्याच ठिकाणी टेबलावरचा दिवा लावून बघितला, दिवा लागला. वायरी हलवल्या. मला दोन थापट्याही दिल्या. मग ताईला फोन लावला.

"आई, काही वाजतंय का आतून?"

"छे! काहीसुद्धा वाजत नाही."

काकूंच्या कानांना अलीकडे बारीक आवाज लागत नसत, आणि बाहेर खोदकामाचं यंत्र धडधडत होतं. काका मात्र हातवारे करत होते, मान जोरजोरात हलवत होते.

"फोन संगणकाजवळ धर बघू."

काकूंनी फोन नेऊन पडद्याला लावला. त्यांच्या मते संगणक म्हणजे पडदा, आणि टेबलाखाली असतो तो त्याचा डबा. मी खाली जाड आवरणात ओरडत होतो, आणि फोन वर काळ्या काचेला चिकटलेला. ताईला काय ऐकू येणार?

तेव्हा काकांनी चहाचा चमचा उचलला. खाली वाकून त्यांनी कान माझ्याजवळ आणला आणि मी जसा पीं पीं करत होतो तसाच चमचा टेबलावर आपटायला लागले. एक ठोका, मग थांबणं. पुन्हा एक ठोका, पुन्हा थांबणं. माझा आवाज गेला होता, त्यांचा माझ्याबरोबर गेला होता, आणि तरी आम्ही दोघं मिळून बोललो.

"थांब, आई! ते कोण ठोकतंय? बाबा का?" ताई ओरडली. "बाबा, तो असाच वाजतोय का?"

काकांनी दणकन एक ठोका दिला.

मग सगळं भराभर झालं. असं वाजलं की मेमरीची पट्टी सैल झालेली असते, हे ताईला ठाऊक होतं. तिच्या सांगण्यावरून काकूंनी प्लग काढला, तिला कधीच न सांगितलेलं आवरण उतरवलं, काकांनी डब्याची बाजू उघडली. पट्टी बाहेर काढली. तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासला, फुंकर मारली आणि दोन्हीकडून टक् असा आवाज येईपर्यंत ती परत दाबून बसवली. बटण दाबलं. पडदा उजळला. काकांनी ते अक्षर पुसलेलं बटण दाबलं.

"अगं," मी म्हणालो.

काकू खुर्ची ओढून पडद्याजवळ बसल्या. "आहे हो, इथेच आहे," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"आई, आता नीट ऐक," ताई फोनवर म्हणाली. "बाबांचा आवाज फक्त तिथेच आहे. दुसरीकडे कुठेच नाही, चूक माझीच, तेव्हाच उतरवून घ्यायला हवा होता. मी रविवारी येते. तोवर बंद ठेवा तो."

"हो हो," काकू म्हणाल्या.

पण त्यांनी मला बंद केलं नाही. बंद केला आणि परत लागलाच नाही तर? या धास्तीने त्यांनी मला चालूच ठेवलं, दिवसाही आणि रात्रीही. आणि चालू ठेवायचा म्हणजे धुळीपासून जपायला हवाच. आवरण पुन्हा चढलं. नाडी पुन्हा आवळली.

मी किती तापलो ते सांगत नाही. माझ्या डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरत असते, तिच्यावरच काका लिहिलेले होते. रविवारच्या सकाळी ती चकती टकटक करू लागली. काकांनी तो आवाजही ऐकला. त्यांनी चमचा उचलला, पण फोनवर कुणी नव्हतं. ताई वाटेत होती. ती दारात आली तेव्हा टकटकही थांबली होती.

ताईने पट्टी पुन्हा पुसली. वायरी बदलून बघितल्या. मग डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे नेली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच म्हणाली, "काही निघालं नाही. एक अक्षरही नाही."

"कशाने झालं असं?" काकूंनी विचारलं.

ताईने आधी सांगायचं टाळलं. पण काकूंनी पुन्हा विचारलं, आणि तिने सांगितलं. उष्णतेने झालं. हवा बंद झाली म्हणून.

काकूंनी ते आवरण माझ्यावरून काढलं. मफलरची लोकर अजून गरम असावी तसं दोन्ही हातांत धरून त्या बघत राहिल्या. "यांचा गळा एवढा जपला," त्या म्हणाल्या, "आणि आवाज मीच गुदमरवून मारला." मग त्यांनी त्या लोकरीत तोंड खुपसलं.

काका समोर बसले होते. त्यांचे ओठ हलले. मला दिसलं ते काय म्हणत होते. तुझी चूक नाही, एवढंच. ते त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. पण काकूंचं तोंड लोकरीत होतं, त्यांना ओठ कुठून दिसणार? काकांचा हात सवयीने बटणांकडे गेला. मग ते थांबले. मी धडधाकट असतो तरी काय उपयोग होता? पाणी, दिवा, मीठ, दुखतंय, सगळं भरून घेतलं होतं. हे वाक्य कुणीच भरलं नव्हतं.

त्यांनी चमचा घेऊन टेबलावर हळूच ठोका दिला. काकूंनी मान वर केली नाही. दुसरा दिला. त्या तशाच राहिल्या. मग काका उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्याला कुठे आवाज लागतो, असं ते म्हणाले होते. त्या संध्याकाळी तो लागत होता.

आता टेबलावर ताईने आणलेला नवा संगणक आहे. त्यात लिहिलं की तो वाचून दाखवतो. आवाज कुणा तरुण माणसाचा आहे, स्वच्छ, चुकत नाही. पहिल्या दिवशी तो "अगं" म्हणाला, तेव्हा काकूंनी वळूनही बघितलं नाही. त्यांना वाटलं, शेजारी कुणीतरी बोलतंय. तेव्हापासून काका चमचाच वापरतात.

मित्रांनो, मी माळ्यावरचा डबा, माझं कोण ऐकणार? तरी सांगतो. मला आणि माझ्यासारख्यांना झाकायचं असेल तर बंद केल्यावर झाका. चालू असताना आम्हालाही श्वास लागतो. जे एकच आहे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि रविवारची वाट बघू नका. आणि गळा शाबूत आहे तोवर, पाणी दे आणि दिवा घालव यांच्या जोडीने, ज्यांचं काही काम पडत नाही अशीही दोन वाक्यं घरात मोठ्याने बोलून ठेवा.

खाली चमचा वाजतोय. काकू म्हणाल्या, "आले, आले."