सुईला दिसलं तेवढं

“हलू नका हं,” म्हणत डॉक्टरांनी धुळाप्पाच्या कानाखालच्या गाठीत लांब सुई घातली. पिचकारीत आलं ते काचेच्या पट्टीवर पसरलं.

“ह्यानं काय कळतंय?” बनाबाईनं नवऱ्याचा हात धरूनच विचारलं.

“गाठ साधी की वाईट, ते. पण सुई पोचते तिथलंच कळतं, बाई. मी म्हणेन, कापून काढावी. मात्र चेहऱ्याची नस तिथूनच जाते. ती दुखावली तर तोंड वाकडं होईल.”

धुळाप्पानं ओठ घट्ट मिटले. ते ओठ म्हणजे त्याची सगळी इस्टेट. चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. सोलापूरजवळ हिप्परग्याच्या तळ्याकाठी आम्हा धनगरांचे कळप एकत्र चरायचे. संध्याकाळी धुळाप्पानं शीळ घातली की त्याची मेंढरं गर्दीतून बरोबर वेगळी व्हायची. आमची मात्र हाका मारून घसा बसला तरी ढिम्म! काय जळायचो आम्ही त्याच्यावर. आजही तळ्याकडे गेलो की कान उगाच त्या शिळेची वाट बघतात.

आठवड्यानं निकाल आला. गाठ साधी.

“मग ऱ्हाऊ द्या की,” धुळाप्पा म्हणाला आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच शीळ घालत निघाला.

वर्षभरात गाठ लिंबाएवढी झाली, ठणकू लागली. या खेपेला सुई खोल गेली आणि नको तेच निघालं. गाठ कापली. जीव वाचला, पण अर्धं तोंड लोंबलं.

आम्ही डॉक्टरांना शिव्या घातल्या, तर धुळाप्पा आमच्यावरच उखडला. “सुई खोटं न्हाय बोलली. तिला दिसलं तेवडं तिनं सांगितलं. मलाच तेवडं ऐकायचं व्हतं.”

दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो तळ्याकाठी उभा राहिला. फुंकलं. नुसती हवा सुटली. मेंढरांनी माना वर केल्या, जागची हलली नाहीत. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. आम्हाला बघवेना.

तेवढ्यात मागून शीळ आली. कच्ची, मधेच तुटणारी, पण वळण त्याचंच. बनाबाई!

“अगं, बाईच्या जातीनं शीळ घालू नये!” तिची सासू केराबाई ओरडली.

“मेंढरांस्नी काय ठावं, आत्ती, शीळ बाईची का बाप्याची?”

मेंढरं निघाली. धुळाप्पा रोजच्यासारखा पुढे चालू लागला, बनाबाई मागून शीळ घालत राहिली. आमच्याजवळून जाताना पाहिलं, त्यानं वाकडे ओठ तसेच शीळ घालायला गोल करून धरले होते.