बोलणारा दिवा आणि महाराजांचे गमबूट

रविवारी सकाळी ताईकडे गेलो तर जिन्यापासूनच रांग. सगळे अनवाणी, आणि सगळ्यांच्या माना वर. मला वाटलं, छत पडलं. आत जाऊन बघतो तर छत जागेवर होतं. डोकी तेवढी जागेवर नव्हती.

हॉलच्या छतात बसवलेला गोल दिवा बोलायला लागला होता. आपण प्रश्न विचारायचा. दिवा एकदा मिचमिचला तर हो, दोनदा मिचमिचला तर नाही. वेळ सकाळी आठ ते साडेआठ.

"साडेआठनंतर काय होतं गं?" मी ताईला विचारलं.

"शक्ती दमते," ताई म्हणाली.

तीस वर्षं मी वायरमन आहे. उडालेला दिवा बघितला, जळालेला बघितला. दमलेला कधी बघितला नाही.

दिव्याच्या बोलण्याचा अर्थ सांगायला लखलख महाराज होते. हा गडी पूर्वी बाजारात पंखे विकायचा, मी ओळखत होतो. हातात लाकडी छडी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी गमबूट. बाकीच्यांच्या चपला मात्र जिन्यात काढायला लावलेल्या.

"विश्वाच्या वायरिंगमध्ये आपण सगळे बल्ब आहोत," महाराज छडी वर करून म्हणाले. "हे तेजा, या भक्ताची दाढ राहील का जाईल? म्हणजे, राहील का?"

वरच्या मजल्यावर धबाक आवाज झाला. जरा वेळाने दिवा एकदा मिचमिचला. दाढवाला गालाला हात लावून रडायला लागला.

तेवढ्यात ताईच्या सासूबाई उठल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. गुडघे पार गेलेले. ओल्या हातांनी दिव्याचं पितळी कडं धरलं की गुडघे सुटतील, असं म्हणे दिव्यानंच काल सांगितलं होतं. दाजी लोखंडी स्टूल धुऊन आणत होते.

"दाजी, कड्याला हात लावला की काय होतं?"

"मुंग्या येतात. कोपरापर्यंत. शेजारच्या काकांना तर शक्तीने उचलून कोचावर टाकलं."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून कड्याला टेस्टर लावला. पेटला.

"मावशी, हे मरण आहे. मी मेन बंद करतो."

"कर की," मावशी म्हणाल्या. "तू गेलास की आम्ही चालू करू. रोज येणार आहेस का?"

म्हातारीचं खरं होतं. मेन पाडून दिवा विझला असता, दिव्यावरचा विश्वास नाही.

"पाच मिनिटं थांबा, मलाही दिव्याला विचारायचंय," म्हटलं आणि वर धावलो. वर एक शिंपी राहतो, त्याची मोरी बरोबर हॉलच्या दिव्यावर. तो अंघोळ करत होता. मी दार वाजवलं.

"कोण आहे?"

"खालच्या ताईचा भाऊ. किती तांबे झाले?"

"ते मोजायचे असतात का?"

"आज मोजायचे. मी खाली, वर येणाऱ्या पाण्याच्या पाइपवर पक्कड आपटीन. एकदा ठण झालं तर एक तांब्या, दोनदा झालं तर दोन, जरा थांबून थांबून. मध्ये एक थेंब सांडायचा नाही."

"अहो, डोळ्यात साबण आहे माझ्या."

"राहू दे. खाली एका म्हातारीचा जीव आहे."

खाली आलो. मावशींचा एक पाय स्टुलावर.

"दिव्या," मी म्हटलं, "मावशींनी कड्याला हात लावावा का?" आणि पाइपवर पक्कड आपटली. ठण, ठण.

"हे काय?" महाराज म्हणाले.

"आमच्या धंद्यात घंटा हीच."

दिवा मिचमिचला. मग पुन्हा मिचमिचला. मावशींचा पाय हळूच खाली आला.

"नाही म्हणतोय का रे?" त्यांनी दाजींना विचारलं.

"नाहीच म्हणतोय," दाजी म्हणाले.

"मग महाराजांनी लावावा का? बूट काढून?" ठण.

दिवा एकदाच मिचमिचला. सगळी रांग गमबुटांकडे बघायला लागली.

"बूट ही माझ्या गुरूंची आज्ञा आहे," महाराज म्हणाले.

"गुरूही पंखेच विकायचे का?"

दाढवाल्याने वाकून एक बूट धरला. मी तोवर मेन पाडून टाकला होता. लबाड असला तरी माणूस आहे, भाजू कसा द्यायचा? महाराज एका बुटावर जिना उतरले.

मग मी शिंप्याला खाली बोलावलं. तो पंचा गुंडाळून, साबणासकट आला. हातात तांब्या.

"बघा तुमचा दिवा," मी म्हटलं. "सगळ्यांचं भविष्य हा रोज अंगावर ओतून घेतोय."

"मला कुणी सांगितलंच नाही," शिंपी म्हणाला.

दिवा काढला तर त्यातून अर्धा पेला पाणी निघालं. वरच्या मोरीच्या जाळीखाली पाइप चिरलेला. तांब्या ओतला की पाणी ठिबकून वायरीच्या उघड्या जोडावर पडायचं, दिवा मिचमिचायचा, आणि करंट कड्यात उतरायचा.

"दाजी, करंट गळला की आपोआप पडणारा खटका मी बोर्डात बसवून दिला होता. तो कुठाय?"

दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "रोज सकाळी पडायचा. महाराज म्हणाले, घरातली बाधा आहे. म्हणून तो काढून वायर सरळ जोडली."

"अहो, घरात तेवढा एकच शहाणा होता. त्यालाच बाहेर काढलंत."

मावशींनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "आणि माझे गुडघे?"

"डॉक्टरांकडे. मी नेतो."

त्यांनी सवयीने वर बघितलं. तिथे नुसतं भोक होतं. "चल मग," म्हणाल्या.

बाबांनो, मोरीखाली दिवा बसवायचाच असेल तर आधी वरची गळती बंद करा. आत पाणी न शिरणारा दिवा घ्या, जोड बंद डबीत ठेवा. खटका पडला तर तो का पडला ते शोधा. मुंग्या आल्या तर हात जोडू नका, मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. आणि कुणी चपला काढायला सांगितल्या, तर आधी त्याच्या पायांकडे बघा.