पाटावरचं पुस्तक

माळेवाडीच्या वाचनालयात उन्हाळ्यात कुणी फिरकत नसे. पत्र्याखाली दहानंतर बसवत नाही. सकाळी पेपर चाळायला येणारी म्हातारी माणसं सोडली, तर कुलूप उघडलं काय अन् न उघडलं काय, सारखंच. म्हणून राजेश्रीनं यंदा ठरवलं, की परीक्षा संपल्या संपल्या लेकरांसाठी उन्हाळी वाचन सुरू करायचं. ती तिथली ग्रंथपाल. म्हणजे झाडणारी तीच, माठ भरणारी तीच आणि पुस्तकं देणारीही तीच. सोमवार, चतुर्थी न चुकता धरणारी, बोलायला हळू, पण एकदा मनात संकल्प केला की तो तडीला नेल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

परभणीच्या एका वाचन समितीनं आसपासच्या काही गावांना लेकरांच्या पुस्तकांची एकेक पेटी दिली होती. अट सरळ होती. जिथं उन्हाळाभर वाचन चांगलं होईल तिथं पेटी कायमची राहील, नाहीतर शाळा उघडताना ती दुसऱ्या गावाला जाईल. माळेवाडीच्या लेकरांनी शाळेच्या पुस्तकांपलीकडं दुसरं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. देवापुढं हात जोडताना राजेश्रीनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, पण ती पेटी गावात राहावी एवढं मात्र तिनं मागून घेतलं.

तिनं बेतही नीट आखला होता. लेकरानं एक पुस्तक घरी न्यायचं, आठवड्यात परत आणायचं आणि दुसरं नेण्याआधी पहिल्यातली गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची. किती पुस्तकं फिरली आणि लेकराला काय उमगलं, यावरून उन्हाळा कसा गेला ते कळणार होतं.

अक्षय तृतीयेला सुरुवात झाली. वाचनालयाचे अध्यक्ष लिंबाजीआप्पा यांनी पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि एकेका लेकराच्या ओंजळीत पुस्तक ठेवताना बजावलं, की ही सरस्वती आहे, घरी जपून ठेवा. राजेश्रीचे डोळे भरून आले. आप्पांच्या बोलण्याचा घरोघरी काय अर्थ लावला जाईल, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

आठवडा झाला. पुस्तकं आली नाहीत. आणखी एक आठवडा गेला, तरी दोन-तीनच आली. पेटीत पुस्तकं उरली नव्हती आणि लेकरं रिकाम्या हातानं येऊन माठातलं गार पाणी पिऊन जात होती. लिंबाजीआप्पा म्हणाले, आंब्याच्या दिवसांत कोण वाचतंय, उगं जिवाला लावून घेऊ नका. पण राजेश्रीला राहवेना. ती पिशवी घेऊन निघाली.

पहिलं घर लागलं येडबांचं. मेंढरांचा वाडा, बाजूला लिंबाचं झाड आणि सारवलेलं अंगण. येडबांची नात दीपिका पाचवीत होती. तिनं येलदरीच्या धरणाकाठची एक कोळ्याची मुलगी आणि तिचं पाळलेलं कासव यांच्या गोष्टीचं जाडजूड पुस्तक नेलं होतं. राजेश्रीनं पुस्तक मागितलं, तर दीपिकानं आजीकडं पाहिलं. आजी म्हणजे म्हाळसाबाई. तिनं देवघराकडं बोट केलं. तिथं पाटावर, लाल फडक्यात गुंडाळून पुस्तक ठेवलेलं. वर झेंडूचं फूल.

"रोज दिवेलागणीला एक अध्याय वाचती पोरगी," म्हाळसाबाई म्हणाली. "शेजारपाजारचे बी येऊन आयकायलेत. मधी भावकीत सुतक पडलं, तवा बंद ठिवावं लागलं. समाप्ती झाली की आणून देते, बाई."

"मावशी, ही पोथी नाही. लेकरांची गोष्ट आहे. आठवड्यात परत द्यायची असते."

"आप्पा तर सरस्वती म्हनले."

राजेश्री समजावत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं समितीची माणसं होती, रिकामी पेटी होती आणि हातातून निसटत चाललेला उन्हाळा होता. आवाज तिनं चढवला नाही, पण पुस्तक मागून घेतलंच. म्हाळसाबाईनं हात धुतले, पाटाला नमस्कार केला आणि पुस्तक राजेश्रीच्या पिशवीत ठेवलं. दीपिका लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीआप्पा पेपर वाचायला आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "बाई, म्हाळसा काल उपाशी निजली म्हनं. वाचन चालू हाय तवर तिचं एकभुक्त हाय. अध्याय झाला की मग भाकर. काल अध्यायच झाला न्हाई."

राजेश्रीनं कासवाचं पुस्तक बाहेर काढलं. त्या दिवशी सोमवार होता, तिचा स्वतःचा उपास होता. नेम अर्ध्यात तुटला की मनाला काय लागतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. आपण पुस्तकांची ये-जा मोजत बसलो आणि एका म्हातारीच्या तोंडचा घास काढून घेतला. दिवेलागणीची वाटही न पाहता ती तशीच उन्हात निघाली. पदर डोक्यावर, पुस्तक पदराखाली. म्हाळसाबाईच्या दारात जाऊन तिनं आधी पाय धुतले आणि मग स्वतःच्या हातानं पुस्तक पाटावर ठेवलं.

"मावशी, चुकले मी. आजचा अध्याय मीही ऐकायला येते."

"ये की," म्हाळसाबाई म्हणाली. "पर वाचताना उठायचं न्हाई बरं. कालचा बी आज वाचायचाय."

त्या दिवसापासून राजेश्रीनं बेतच बदलला. पुस्तक कधी परत येईल हे विचारणं तिनं सोडलं. रोज संध्याकाळी ती एका घरी जाऊन बसू लागली. कुठं ओसरीवर, कुठं चुलीपाशी लेकरू वाचायचं आणि घर ऐकायचं. कुणी भाकरी थापत, कुणी वाती वळत. एका घरची समाप्ती झाली की ते पुस्तक वाचनालयात न आणता तिथल्या तिथं शेजारच्या घरी बदलून द्यायचं, एवढंच तिनं लेकरांना सांगितलं. ऐकणाऱ्यांना ती दोन गोष्टी विचारायची. काय पटलं आणि काय पटलं नाही. पटलेलं कुणी फारसं सांगत नसे. न पटलेल्यावर मात्र घरंच्या घरं बोलू लागली.

शाळा उघडायला आली तशी परभणीहून समितीचे सिद्धोधन सर जीप घेऊन आले. माणूस सरळ होता. त्यांनी वाचनालयातली नोंद पाहिली आणि ते जरा खट्टू झाले. दुसऱ्या गावांत यापेक्षा कितीतरी जास्त पुस्तकं फिरली होती. समितीनं आधी मागवलेले आकडे पाहून ठरवूनही टाकलं होतं, की माळेवाडीची पेटी उचलायची. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली आणि पेटी जीपमध्ये चढली. पुस्तकं मागवून घ्या, ते म्हणाले.

राजेश्री नेहमीसारखीच हळू आवाजात बोलली.

"सर, पुस्तकं घराघरांत आहेत. अर्ध्यातून आणता येणार नाहीत, मी एकदा तसं करून बसले आहे. तुम्ही आज दिवेलागणीपर्यंत थांबा. ऐकून घ्या, आणि मग खुशाल न्या."

सर थांबले. संध्याकाळी येडबांच्या अंगणात सतरंजी पसरलेली होती. सुतकामुळं लांबलेल्या कासवाच्या गोष्टीची त्या दिवशी समाप्ती होती. बाया, गडी, कडेवरची लेकरं, अंगण भरलेलं. सर बूट काढून कडेला टेकले. दीपिका पाटासमोर मांडी घालून बसली आणि एकेक वाक्य ठसक्यात वाचू लागली. दुष्काळात धरण आटतं, कासवाला पाणी उरत नाही, आणि कोळ्याची मुलगी त्याला डोहात सोडून मागं न पाहता घरी येते. पुस्तक मिटलं.

मग येडबा खाकरले. "चुकली पोरगी. लेकरावानी वाढिवलेलं, असं सोडतेत व्हय?"

"तुमी नका बोलू," म्हाळसाबाई म्हणाली. "कोकरू बाजारात नेताना कोन रडतंय, गावाला दावू का?"

अंगण हसलं. मग एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणालं, तिनं निदान वळून तरी पाहायचं. एक सून, जी मोठ्या माणसांपुढं कधी तोंड उघडत नसे, ती दाराआडून म्हणाली, की वळून पाहिलं असतं तर सोडवलं नसतं. दीपिकानं पुस्तक उघडून ते पान पुन्हा काढलं आणि म्हणाली, "आजी, काकूचं बराबर हाय. बघ, हितं तिचे पाय जड झालेत असं लिव्हलंय."

"साहेब, तुमी सांगा," येडबांनी सरांना मधे ओढलं. "तुमच्याच पेटीतली गोष्ट हाय."

सिद्धोधन सरांनी ती गोष्ट वाचलेली होती. ते म्हणाले, मला वाटलं होतं तिला राग आला असावा, म्हणून तिनं पाहिलं नाही. यावर तिन्ही बाजूंनी त्यांना अडवण्यात आलं आणि सरही हट्टाला पेटले. ड्रायव्हर दोनदा येऊन डोकावून गेला. गूळखोबऱ्याचा प्रसाद वाटला गेला, तरी वाद चालूच होता.

निघताना सर राजेश्रीपाशी आले.

"बाई, आमच्या कागदावर किती पुस्तकं फिरली एवढंच विचारलंय. एक पुस्तक किती जणांनी ऐकलं, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हे मी समितीत सांगतो. पुढच्या उन्हाळ्याची आखणी करताना तुम्ही आमच्यासोबत बसा. पेटी इथंच राहील, त्याचा शब्द मी देतो."

राजेश्रीनं हात जोडले. म्हाळसाबाईनं मागून विचारलं, की मग आता दुसरं पुस्तक कधी लावायचं, उद्या दिवस चांगला आहे.

जीप वाचनालयापाशी आली. ड्रायव्हर पेटी उतरवायला दुसरा माणूस शोधू लागला. लिंबाजीआप्पा धोतर सावरत पुढं झाले, दोन तरणी पोरंही आली. राजेश्रीनं सगळ्यांना मागं सारलं आणि दोन्ही कड्यांना धरून एकटीनं पेटी उचलली. आत एकही पुस्तक नव्हतं. ती हलकी पेटी छातीशी धरून, मान ताठ ठेवून, राजेश्री वाचनालयाच्या पायऱ्या चढून गेली.