खालून तिसरी ओळ

"तिथे 'ग' नाही, 'म' आहे. पुन्हा वाचा," सिस्टर म्हणाल्या.

बसचालकाने डाव्या डोळ्यावरचा तळवा घट्ट केला. "तुम्ही म्हणत असाल तर 'म' म्हणतो, सिस्टर. पण दिसतो 'ग'च."

सिस्टर बुचकळ्यात पडल्या. नेत्रविभागातील या खुर्चीशेजारी उभे राहून त्यांचे केस पिकले होते. रुग्णाच्या डोळ्यांतील लाली, पाणी, बुबुळ निरखावे, दुखते की खुपते ते विचारावे आणि मग समोरचा तक्ता वाचवून घ्यावा, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. चालकाचे डोळे स्वच्छ होते. डोळ्यात कचरा गेल्याची त्याची तक्रार होती, तो कचराही निघाला होता. तथापि तो चुकत होता. सकाळी शिक्षिका चुकली, तिच्यामागून सुतारही चुकला. तिघांचीही नजर एकाच दिवशी कशी बिघडावी?

"कागदावर असं गेलं तर स्टिअरिंग सुटलंच माझं," चालक म्हणाला. "बायको म्हणेल, बसा आता भाजी निवडत."

"मावशी, छडी ओळीवरच आहे ना?"

"ओळीवरच आहे," तक्त्यापाशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या. "अक्षर नाही कळत मला, पण ओळ कळते. आणि हा तक्ता नवा आहे, सिस्टरबाई. तुम्ही रजेवर होतात ना, तेव्हा लावला. जुना पार पिवळा पडला होता."

सिस्टरांनी तक्त्याकडे पाहिले. जुन्या तक्त्यावर याच जागी असलेला 'म' त्यांना आजवर रोज दिसत असे. निदान दिसतो असे वाटे. आता पांढऱ्यावर नुसते करडे डाग होते. त्यांनी डोळे चोळले. डाग तसेच राहिले.

नंतर त्यांनी चालकाच्या कागदावरचा शेरा खोडला, शेजारी 'नजर उत्तम' असे लिहून सही केली. "मावशी, सकाळच्या त्या दोघांनाही परत बोलवायचंय. चूक माझी आहे." मग चालकाकडे वळून म्हणाल्या, "उठा जरा."

त्या स्वतः खुर्चीत बसल्या आणि डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला, रुग्णांना शिकवीत तसाच, बोटांत फट न ठेवता.

"खालून तिसरी धरा, मावशी."

मागे उभा असलेला चालक हळूच पुटपुटला, "'ग', सिस्टर."

"सांगू नका," त्या म्हणाल्या.

मावशींनी वाट पाहिली. मग छडी एक ओळ वर सरकली. थोड्या वेळाने आणखी एक.