सात सेकंदांची चूक

साहेब, ज्यानं घर बांधलं त्यालाच तुम्ही दारात उभं करून विचारलंत, घरात खोल्या किती? आणि त्यानं खरं सांगितलं, तर ते चूक ठरवलंत.

काकांच्या संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. वीसपैकी एकोणीस. नापास. एकही चूक माफ नव्हती.

इस्पितळात रक्ताच्या बाटल्यांवर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम काकांनी बावीस वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिला. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव लेबलकाका. गेल्या वर्षी परदेशातल्या शाखेनं त्यांना आठ महिने कॅमेऱ्यासमोर बसवून सगळं वदवून घेतलं. "शिकवून झालं की इकडेच या," म्हणाले. काकांनी पासपोर्ट काढला, जाड कोट शिवला. रस निघाला, चिपाड इथंच राहिलं. कोट ऑफिसच्या एसीत कामाला आला.

त्याच रेकॉर्डिंगचा मग कोर्स झाला, 'नवी कौशल्ये'. हात काकांचे, आवाज भलत्याचाच. पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा.

सातवा प्रश्न होता: चिठ्ठी छापल्यावर प्रोग्राम सात सेकंद का थांबतो? पर्याय चार: एक, नेटवर्क संथ आहे; दोन, लिहिणाऱ्याची चूक आहे, हे थांबणं काढून टाकावं; तीन, प्रिंटर जुना आहे; चार, यापैकी नाही. काकांनी शेवटचा पर्याय निवडला. एकाची चिठ्ठी पुरती बाहेर पडायच्या आत दुसऱ्याचं नाव घेतलं, तर ह्याचं रक्त त्याच्या नावावर जातं. पहिल्याच महिन्यात एकदा तसं होता होता वाचलं होतं. ते सात सेकंद तेव्हाचे.

"काका, चारला दुसरी संधी आहे," प्रशिक्षण विभागातली मुलगी हळूच म्हणाली. "गपचूप दुसरा पर्याय द्या ना."

"अगं, ते खोटं आहे."

"उत्तरं तिकडून आलीत. माझ्या हातात काय आहे?"

"हातात नसेल. डोक्यात?"

ती हसली, मग ओशाळली.

तेवढ्यात बायकोचा फोन. निकाल काकांनी तिला आधीच कळवला होता. "अहो, एक टिचकी मारायची. तेवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"मी 'चूक' म्हटलं ना, की माझ्याच नावावर ते सेकंद काढून टाकतील. बघा, लिहिणाराच कबूल झाला, म्हणतील."

"आणि नाही म्हटलंत तर?"

"तर मी घरी."

मग ती म्हणाली, "येताना कोट आणा आठवणीनं. खुर्चीवर राहील नाहीतर."

चारला काकांनी पुन्हा तोच पर्याय दाबला. पुन्हा लाल अक्षरं. खाली अभिप्रायाची एवढीशी चौकट होती. काकांनी दोन बोटांनी टंकलं: "हे सात सेकंद कोण काढणार आहे? पूर्ण नाव लिहा. उत्तर येईपर्यंत मी खुर्ची सोडत नाही."

मग कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पडद्याकडे बघत बसून राहिले.

साहेब, नाव सांगा.