पिठाचं दुसरं ताट

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, जागा होईल. आज एका रिकाम्या जागेची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या जागेसाठी आलेल्या दोन बायांची. देवानं दोघींच्या ओटीत भरभरून घातलं आणि दोघींच्या ओटीतून नेमकं एकेक काढून घेतलं. निवड करायची होती केझायाला. ऐकता ऐकता तुम्हीही मनाशी एक नाव धरून ठेवा.

मलावीच्या सरोवराकाठी चिंतेम्बा म्हणून गाव आहे. तिथल्या मिशनच्या प्रसूतिगृहात केझाया म्सिस्का मुख्य नर्स. नर्सा हव्यात चार, उरल्या होत्या दोन. एक लग्न करून राजधानीला गेली, दुसरीला शहरातल्या दवाखान्यानं उचललं. आता केझाया आणि म्हातारी रूथ एवढ्याच आलटून पालटून उभ्या. केझायाचा आवाज चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेतला, पण कित्येक रविवार तिनं देवाचं गाणं खिडकीतूनच ऐकलं होतं, हातात कुणाची तरी वार धरून.

जिल्ह्यानं एक जागा मंजूर केली आणि वर बजावलं की तिसरी नर्स आली नाही, तर रात्रीची बाळंतपणं बंद. म्हणजे कळा सुरू झालेल्या बाईनं सायकलच्या मागे बसून डोंगरापलीकडचं मोठं इस्पितळ गाठायचं. गेल्या पावसात एकीनं ते करून पाहिलं होतं. ती पोचली, तिचं बाळ पोचलं नाही. मुलाखतीच्या दिवशी औषधांची गाडी गावात आली होती आणि दुपारी परत जाणार होती. तिच्याबरोबर निवडलेलं नाव गेलं नाही, तर जागा दुसऱ्या गावाला जाणार होती.

केझायानं पहाटेच चहा ठेवला, मंदासी, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, आणून झाकून ठेवले, गावसमितीच्या पाच जणांसाठी बाक पुसला. आणि बाकावर आलं कोण? कुणीच नाही. पहाटे मुखियाची आत्या वारली होती. सगळं गाव मयताच्या घरी. समितीचे अध्यक्ष झिम्बाही तिथेच. मुलाखतीला आलेल्या दोघींपैकी टेम्वा म्हांगो ही तरुण पोरगी पिशवी व्हरांड्यात टाकून सगळ्यांबरोबर तिकडे गेली. मेलेल्या बाईला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

राहिली एकटी एस्नाट चिरांबो. पन्नाशीला टेकलेली, पाठ ताठ, बूट चकचकीत. तिकडे बाईला माहेरच्या कुळाच्या नावाआधी 'न्या' लावून हाक मारतात. केझाया म्हणाली, "न्याचिरांबो, तुम्ही नाही गेलात?"

"मुलाखत इथं आहे ना?"

केझायाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. एस्नाटची कीर्ती तिच्या आधी पोचली होती. हात देवाचा, जीभ चाबकाची. आणि आधीच्या गावात ती कुणाच्याच मयताला जायची नाही. त्यामागं कारण होतं. एकदा तिथल्या मोठ्या माणसाच्या मातीच्या दिवशी वॉर्डात जुळं अडलं होतं, ही उठली नाही. जुळं वाचलं. पुढे हिचा नवरा गेला तेव्हा गाव फिरकलं नाही. शवपेटी उचलायला दवाखान्याचा माळी आणि दोन शिपाई. तेव्हापासून एस्नाटनं मयताचं नावच टाकलं. हे सगळं केझायाला रूथनं सांगितलं होतं. एस्नाट स्वतः त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

आत कळा देणारी एक पोर होती, पहिलटकरीण. रूथ रात्रभर जागून घरी गेलेली. केझायाला समिती गाठायची तर वॉर्ड टाकून जावं लागणार होतं. गाडीचा चालक एकीकडे मंदासी खात घड्याळ बघत होता. शेवटी वैतागून तिनं एप्रन काढला आणि एस्नाटच्या हातात दिला. "नेमणूक नाही, काही नाही. पण बघाल?"

एस्नाट एप्रनच्या नाड्या बांधत आत गेलीसुद्धा.

मयताच्या घरी अंगण माणसांनी भरलं होतं. पुरुष आंब्याखाली, बाया आत चटईवर. दारात पिठाची ताटं रांगेनं मांडलेली. येणारी प्रत्येक बाई मक्याच्या पिठाचं ताट घेऊन येते, त्या पिठाचा सीमा नावाचा घट्ट घाटा शिजतो, आणि कुणाचं ताट आलं, कुणाचं नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. केझाया घाईत रिकाम्या हातांनी आली होती. तेही सगळ्यांनी पाहिलं.

आणि टेम्वा! चुलीपाशी घामाघूम होऊन मोठ्या लाकडी पळीनं सीमा घोटत होती, मध्येच आत जाऊन मेलेल्या बाईच्या म्हाताऱ्या बहिणीचे डोळे पुसत होती. बायांनी भजन धरलं तेव्हा हिनं खालचा सूर असा लावला की केझायाचे ओठही हलू लागले. किती दिवसांनी ती गाण्याच्या इतक्या जवळ उभी होती. तिला वाटलं, हीच. देवानं हिलाच पाठवलं.

मग तिनं टेम्वाला बाजूला घेतलं. "एक विचारते. वॉर्डात बाई अडलेली आहे, तू एकटी आहेस, आणि गावात कुणी गेलं. काय करशील?"

टेम्वानं क्षणभरही लपवाछपवी केली नाही. "तोंड दाखवून लगेच येईन, सिस्टर. न जाऊन कसं चालेल?"

केझायाला तिथलं 'लगेच' माहीत होतं. लगेच म्हणजे भजनं, मग प्रवचन, मग माती, मग सीमा, आणि मग दिवस मावळलेला. लग्न करून गेलेली ती नर्सही अशीच लगेच यायची.

झिम्बा अध्यक्ष आंब्याखालून उठून आले. त्यांचं आधीच ठरलं होतं. म्हणाले, पोरगी सोन्यासारखी आहे, नाव लिहून गाडीत टाक आणि आम्हाला शांतपणे रडू दे. केझायानं एस्नाटचं नाव घेताच त्यांचा चेहरा आंबट झाला.

"ती? दवाखान्यात बसलीय आज, मुखियाच्या घरी माती असताना? सिस्टर, जी आमच्याबरोबर रडत नाही, तिच्या हाताखाली आमच्या सुना यायच्या नाहीत. घरीच बाळंत होतील. मग तुझी तिसरी नर्स काय भिंतींची बाळंतपणं करील?"

खरं तर हेच केझायाला सतावत होतं. म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. जी जाते ती वॉर्ड रिकामा ठेवते, जी थांबते ती गाव गमावते. देवा, तिनं मनात म्हटलं, दोन कमी होत्या, तू दोन दाखवल्यास, त्याही अर्ध्या अर्ध्या, आणि घ्यायची एकच. दोघींचं मिळून एक माणूस करायला तुला कितीसा वेळ लागला असता?

आणि रागारागात तिच्या तोंडून गेलं, "तिच्या वाटणीचं मी येईन. प्रत्येक मयताला. माझं एक ताट आणि तिचं एक. दोन ताटं मोजून घ्या."

झिम्बांनी हिशेब केला. "म्हणजे तू सुट्टीसाठी माणूस घेतेस आणि त्या सुट्टीत तिच्या वाटणीचं रडतेस."

"हो."

"नर्स कमी आणि गाढव जास्त आहेस," ते म्हणाले, आणि पुन्हा आंब्याखाली जाऊन बसले. तिकडे त्याला होकार म्हणतात.

टेम्वाला सांगितलं तेव्हा ती रडली, आणि तेही मनापासून. ते रडणं केझायाच्या कानांतून पुढे कितीतरी दिवस गेलं नाही.

ती परतली तेव्हा गाडीचं इंजिन सुरू होतं. तिनं खिडकीतून नाव सांगितलं आणि आत धावली. पहिलटकरणीच्या कुशीत मुलगी होती, फरशी धुतलेली, बादली पालथी घातलेली. बाळंतीण लगेच तक्रार करू लागली, की ही बाई फार बोलते, ओरडू नकोस म्हणाली, श्वास घे म्हणाली, आईसारखी रागावली.

केझायानं एस्नाटला नेमणुकीचं सांगितलं, आणि दोन ताटांचंही. एस्नाटच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून ती थांबली. दिसला राग.

"माझ्या नावानं रडायला मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मलाही हौस नाही," केझाया तिथंच स्टुलावर बसली. "रविवारी मला गायचं होतं. आता रविवारी त्या आत्याची प्रार्थनासभा आहे, तिथं तुमचं ताट घेऊन जायचंय. माझ्या घरात पीठ एकीपुरतंही धड नाही. पण गाव आलं नाही तर हा वॉर्ड कशाला उघडा ठेवायचा?"

एस्नाट पाठमोरी होऊन हात धूत राहिली.

मग म्हणाली, "माझं पीठ माझं मी दळून देईन. तुमचं जाड असतं, सीमाला गाठी होतात."

रविवारी केझाया डोक्यावर दोन ताटं घेऊन गेली. एकातलं पीठ इतकं बारीक होतं की बायांनी बोटांत घेऊन पाहिलं आणि काही न बोलता रांगेत ठेवलं. पुढचे काही महिने बऱ्याच सुना घरीच बाळंत झाल्या, केझायाचा जीव अर्धा झाला, गायकवृंदातली जागाही दुसरीला गेली. पण हळूहळू आधी एक आली, मग दोघी आल्या. रात्रीचा दिवा विझला नाही.

तर मंडळी, तुम्ही कोणतं नाव धरलं होतं ते तुमच्यापाशी ठेवा. माझं एवढंच मागणं आहे. कधी कुणाच्या मातीला जाल, सगळ्यांबरोबर गाल, डोळे पुसाल, तेव्हा त्या गर्दीत जी दिसत नाही, जी कुणाच्या तरी कळांपाशी मागे थांबली आहे, त्या एस्नाटची एकदा आठवण काढा.