तारेनं बांधलेलं बटण

“फोरमनकाका, तुमची दोन बोटं गेली कुठं?”

विचारलं बाई एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती, आणि पैजेला घाबरली असती तर तिचं नाव टकळी कशाला पडलं असतं? शाळेतून ती थेट बाबा कामाला होते त्या वॉशरच्या कारखान्यात आली होती, काखेत विटेएवढी जाड डिक्शनरी मारून. इंग्रजीच्या बाईंनी एका शब्दाचे सगळे अर्थ आणायला सांगितले होते. तिनं निवडला होता ‘पंच’.

“पंचनंच खाल्ली,” काका डावा पंजा नाचवत म्हणाले. “पत्र्याला भोक पाडतो तो पंच. फाटकावर हजेरीचं कार्ड होतं तेही पंच. लिही.”

“आणि ठोसा! तिन्हींचं मूळ एकच, काका. टोचणं! सरबताचा पंच तेवढा म्हणे आपल्या ‘पाच’वरून. पाच जिन्नस घालतात ना.”

“मग माझ्या सरबतात तीनच घाल हो!”

बाबाही हसले, पण हात थांबला नाही. त्यांच्या पत्रा कापायच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबली तरच पंच खाली यावा, म्हणजे हात आत राहूच नये. त्यातलं एक तारेनं करकचून दाबून ठेवलेलं. एक हात दुसऱ्या बटणावर, एक पंचाखाली.

“ही तार कशाला?”

“काम झपाझप होतं,” बाबा म्हणाले. “उद्या सरकारी तपासणीचे साहेब येणार, तेवढ्यापुरती काढतो. त्यांची पाठ फिरली की पुन्हा बांधायची.”

“काका, तुमच्या वेळीपण बांधली होती?”

काकांचं हसू विझलं. “मीच बांधली होती,” ते म्हणाले. त्यांनी पक्कड उचलली आणि कट्‌कन तार तोडली.

कामावर देखरेख ठेवणारा मालकाचा मेहुणा तीरासारखा आला. “कुणाला विचारून?” म्हणत त्यानं काकांच्या तोंडावर असा ठोसा हाणला की दात पत्र्याच्या कचऱ्यात टणकन वाजला. मग बाबांची मानगूट धरून त्यांचं कपाळ प्रेसवर आपटलं. एकदा. दोनदा. रक्त भुवईवरून नाकावर आलं.

टकळीनं मागचापुढचा विचार केला नाही. दोन्ही हातांनी डिक्शनरी उगारली आणि त्याच्या कानशिलावर घातली. सगळे अर्थ एकदम! तो भेलकांडला, सावरला, आणि त्यानं तिला लाथेनं उडवलं. लोखंडी पेटीची कड हनुवटीत घुसली.

“बाबा!”

बाबा तिच्याकडे धावले नाहीत. नवी तार घेऊन ते बटण बांधत बसले.

ते मात्र तिला लाथेहून लागलं. ती जमिनीवरूनच सरपटली आणि तुटलेली तार मुठीत घेतली.

घरी आईनं तिच्या हनुवटीला पट्टी लावली. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, “शाळेत सांग, जिन्यावरून पडले.”

“पोरीला खोटं शिकवताय?” आई म्हणाली.

“नोकरी गेली तर?”

“आणि हात गेला तर?” टकळीनं दप्तरातून तार काढून बाबांच्या मांडीवर ठेवली. “माझं ठरलंय. उद्या शाळेला दांडी. तपासणीचे साहेब आले की ही तार त्यांच्या हातात देणार, आणि काकांचा दात, तुमचं कपाळ, माझी हनुवटी, सगळं सांगणार. तुम्ही येऊ नका हवं तर. मी फाटकावर सकाळपासून उभी असेन.”